वाटेवरचं कुलूप

फाटकाला कुलूप होतं. नवंकोरं, मुठीएवढं.

कोलमनची शवपेटी खांद्यावर घेतलेले चौघे जागीच थांबले. मागं अख्खं गाव थांबलं. आमच्या डोंगरातला प्रत्येक मेलेला याच पायवाटेनं, या कुरणातून, खाली समुद्राकाठच्या थडग्यांकडे गेलाय. कुरण गेल्या वर्षी विकलं गेलं. वाट कुणीही विकली नव्हती.

नवा मालक, डब्लिनचा रेडमंड, पलीकडं उभा होता. माणूस तसा वाईट नव्हता, पण बूट फारच स्वच्छ होते.

"बाई, मलाही वाईट वाटतंय," तो कोलमनच्या बायकोला म्हणाला. "पण सडक आहे की. गाडीनं दहा मिनिटं."

"जन्मभर पायी हिंडला तो. आता मेल्यावर गाडीत बसवू?" डेलिया म्हणाली.

"ही खासगी जागा आहे."

"ही वाट आहे. आज आम्ही सडकेनं गेलो, तर उद्या तूच म्हणशील, इथून कधी कुणी जातच नव्हतं."

पाद्रीबाबा खाकरले. "डेलिया, पाऊस येतोय. या एका खेपेला..."

"फादर, तुम्ही छत्री उघडा."

तिनं पेटी दगडी बांधावर टेकवायला सांगितली. मग तिनं फेस्टीकडं पाहिलं. या भागातली निम्मी फाटकं फेस्टीनं बसवलेली. म्हातारा पुढं आला, त्यानं कुलपाकडं ढुंकूनही पाहिलं नाही, दुसऱ्या टोकाच्या बिजागऱ्या तेवढ्या चाचपल्या.

"कुलूप त्या बाजूला आहे ना? मग आपण या बाजूनं काढू. हं, लावा हात!"

चौघांनी जोर लावला. फाटक बिजागऱ्यांच्या खुंट्यांवरून करकरत सुटलं आणि कुलपाला लटकतच काटेरी झुडपांत कलंडलं. मागून कुणीतरी मोठ्यानं हसलं, मयताला आलोय हे विसरून.

पेटी पुन्हा खांद्यावर चढली आणि रेडमंडच्या अंगावरूनच कुरणात शिरली. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"उद्या दुसरं बसवीन! याहून भक्कम!"

डेलिया वळली. डोळे भरलेले होते, पण आवाज खणखणीत होता.

"बसव की रे बाबा. ऐंशी ओलांडलेले अजून अकरा जण आहोत आम्ही."