वाटणीचं पाणी

"थांबवा ते मशीन! आधी मला पाणी भरू द्या." आईने हातात दुधाची किटली घेऊन जेसीबी अडवला होता. चालू फोनवरून मला लॅबमध्ये सगळं ऐकू येत होतं.

"ताई, नाला साफ करा म्हणून तक्रार तुमच्याच घरची आहे ना?" ड्रायव्हर वैतागला.

तक्रार अण्णांचीच होती. घरामागच्या त्या नाल्यापायी माझ्या वडिलांनी वर्षानुवर्षं नगरपालिकेचं डोकं खाल्लं होतं. आता ते आयसीयूत होते आणि पायाच्या जखमेतले जंतू एकाही अँटिबायोटिकला दाद देत नव्हते. त्या जंतूंना मारणारा विषाणू सांडपाण्यात कुठेतरी सापडेल, एवढीच आशा उरली होती. नदी झाली, शहरातली गटारं झाली; हाती काही लागलं नव्हतं.

किटली आली. अण्णांचे जंतू वाढवलेल्या बशीवर मी ते पाणी गाळून थेंब थेंब सोडलं. मग बसवेना. उठायचं, बघायचं, बशी परत ठेवायची. आईचे फोन चालूच.

"दिसलं का गं?"

"नाही! दिसलं की सांगते म्हटलं ना!"

सकाळी जंतूंच्या पांढुरक्या सायीत टाचणीएवढं स्वच्छ भोक दिसलं. मी आईला फोन लावला, "दिसलं! तिथले जंतू मेलेत."

त्या विषाणूपासून बनवलेलं औषध सुरू झालं आणि हळूहळू ताप उतरला. शुद्धीवर येताच अण्णांनी विचारलं, "नाला साफ केला का त्यांनी?"

"केला," चमच्याने त्यांना पाणी पाजत आई म्हणाली. "तुमच्या वाटणीचं तेवढं आधी काढून ठेवलं."