तीन डिस्क, एक खिडकी

दोन डिस्क बाहेर निघाल्या आणि तिसरीचा स्क्रू ढिला करताना इंजिनियरचा हात अडखळला. ही सगळ्यांत छोटी, सगळ्यांत जुनी. पण संगणक जागा व्हायचा तो हिच्यावरूनच. तेवढं नव्या डिस्कवर न्यायला 'विसरलं', तर छापखान्याची लेबलं सगळी तिकडे जातील. संगणक मात्र डोळा उघडणार नाही.

"छोटीवरचं ते सुरू व्हायचं घेतलंस ना?" मागून मालकांनी विचारलं. "त्याच्याशिवाय बाकी सगळं फुकट, असं तूच सांगायचास. चहा पिताना."

सांगायचा खरा. छापखान्यात असं कोणी उरलं नव्हतं, ज्याच्यापुढे त्याने ही फुशारकी मारली नव्हती.

इंजिनियर हे नुसतं म्हणायला. ती परीक्षा काही त्याने दिली नव्हती. पण औषधाच्या बाटलीपासून मधाच्या बरणीपर्यंत सगळी लेबलं तीन डिस्कवर विखुरलेली होती, आणि तीही त्याच्याच कृपेने. मध खोकल्याच्या औषधांत, साबण बुटांच्या पॉलिशमध्ये. कोणाला काही हवं असलं, की जिन्याखालच्या त्याच्या कोनाड्यात मान वाकवून यावं लागे. जिना होताच तेवढा बुटका, पण इंजिनियरला वाटे, मान आपल्यासाठी वाकते.

त्या कोनाड्याला खिडकी नव्हती. डोक्यावर दिवसभर लोकांची पावलं, शेजारी कागद कापायचं यंत्र. वरची खिडकीची खोली रिकामी झाली तेव्हा त्याने ती मागितली. मालकांनी कानाआड केलं. मग त्याने ठेवणीतली थाप काढली: पुलापलीकडच्या छापखान्यातून बोलावणं आलंय. बोलावणं कसलं आणि काय! मालक गयावया करतील, खोलीची किल्ली हातावर ठेवतील, असा सरळ हिशेब.

"वा! आनंदाने जा," मालक म्हणाले होते. "जाण्याआधी तेवढं सगळं एका डिस्कवर आणून दे. डिस्क मी आणतो."

झालं. थाप गिळता येईना, ओकता येईना. बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. दोघी लेकी शाळेत, आणि घर चालायचं ते याच नोकरीवर. बसल्या फांदीवर तो स्वतःच करवत चालवत होता. आणि कामात हयगय म्हणून नाही, त्यामुळे करवत चालत होती झकास.

त्याने छोटीवरचंही सगळं घेतलं. नवी डिस्क बसवली, झाकण लावलं.

"आता तू बाहेर थांब," मालक म्हणाले. "बाईंना करू दे."

हिशेबनीस बाईंनी बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदाच आपलं काम फसावं म्हणून इंजिनियर देव पाण्यात घालून बाहेर उभा होता. संगणक उठला. बाईंनी 'मध' लिहिलं. मधाचं लेबल हजर.

"अगंबाई! एवढंच होतं होय हे?"

मालकांनी त्याला आत बोलावलं आणि रंगीत कागदात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ त्याच्या हातात ठेवलं. "सगळ्यांकडून. सोमवारी तिकडे रुजू ना?"

"हो," तो म्हणाला.

"मग त्यांना सांग, त्यांची डिस्क छान चालतेय."

"त्यांची?"

"त्यांच्याच लिलावात घेतली की. कधीचं कुलूप लागलंय त्या छापखान्याला."

बाई एकाएकी मधाचं लेबल फार बारकाईने वाचू लागल्या. इंजिनियर घड्याळावरचा रंगीत कागद उगाच सारखा करू लागला.

"घड्याळ इथेच कोनाड्यात लाव," मालक शांतपणे म्हणाले. "खिडकी नाही, निदान वेळ तरी कळेल. सोमवारी वेळेवर ये."

मग त्यांनी टेबलावरची ती छोटी डिस्क उचलून त्याच्यापुढे धरली. "आणि ही परत आत बसव."

"मालक, आता हिचं काहीच काम नाही."

"माहीत आहे मला," मान वाकवून बाहेर पडता पडता मालक म्हणाले, "पण असू दे आत. तुला सोबत."