कुलुपवाला गॅलरीत

खट्!

दार लागलं आणि कुलुपवाला गॅलरीत अडकला.

"मेला वारा," तो पुटपुटला. दाराला लॅच त्यानंच बसवलं होतं. एकदा लागलं की किल्लीशिवाय माझ्या बापालाही उघडायचं नाही, अशी फुशारकीही त्यानंच मारली होती. आता किल्ली आत, हत्यारं आत, त्याचा फोनही आत. बायको खाली दुकानात. हातात होता तो वेबसाइट करणाऱ्या डिझायनर मुलीचा फोन. "काका, उजेडात नीट बघा आणि एकदाचा होकार द्या. मी खाली काकूंना भेटून येते," असं म्हणून ती सटकली होती.

ओरडायची सोय नव्हती. समोर न्हावी, शेजारी शिंपी, आणि दोघांच्याही जिभेला हाड नाही. चाळीस वर्षं लोकांची कुलपं उघडणारा माणूस स्वतःच्याच गॅलरीत कोंडला गेला, हे त्यांना कळलं असतं तर अब्रूची लक्तरं वेशीवर टांगली गेली असती. न्हाव्यानं वर पाहिलंच. कुलुपवाल्यानं घाईघाईनं कुंडीतलं एक चांगलं हिरवंगार पान तोडलं.

गुपचूप दुकानात फोन करायचा, बस्स. पण नंबर? तो 'दुकान' या नावानं आतल्या फोनमध्ये होता. डोक्यात कधीच नव्हता. मग त्याला हसू आलं. अरे, वेबसाइट आहे की हातात!

आधी सोनेरी किल्ली फिरू लागली. अकरा गिरक्या. त्यानंच मागितलेल्या. मग वडिलांचा फोटो हळूहळू उजळत आला. पाठोपाठ स्वागताचं संगीत सुरू झालं, तेही दणक्यात. शिंप्यानं मशीन थांबवून कान टवकारले. कुलुपवाल्यानं फोन पोटाशी धरला आणि संगीत आपणच गुणगुणतोय असा चेहरा केला.

पुढे तीन पिढ्यांचा इतिहास. पुढे एकशे बारा कुलपांचे फोटो. नंबर सगळ्यात खाली, पिवळ्यावर सोनेरी अक्षरांत. उन्हात एक आकडा दिसेल तर शपथ!

मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली होती, "काका, हे बघणारा माणूस बंद दाराबाहेर उभा असेल हो!"

"असू दे की," हा म्हणाला होता. "तेवढ्यात त्याचा आपला इतिहास वाचून होईल."

घामेजलं बोट घसरलं. वेबसाइट पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा अकरा गिरक्या. सातव्या गिरकीला कुलुपवाल्याला स्वतःचंच इतकं हसू फुटलं की तो कुंडीआड खाली बसला. बोट पुन्हा भलतीकडे लागलं आणि फोनवर वेबसाइटचं शेजारचंच एक पान उघडलं.

ते तिनं केलेलं पहिलं डिझाइन होतं. तीन महिन्यांपूर्वी त्यानं नाक मुरडून परत पाठवलेलं. पांढरं पान. वर दोनच शब्द, "बाहेर अडकलात?" आणि खाली पुरीएवढं लाल बटण, "फोन करा."

एवढंच? असं तो तेव्हा म्हणाला होता. आता त्यानं ते बटण दाबलं.

"हॅलो," पहिल्याच रिंगला बायको.

"अगं, हळू बोल. मी गॅलरीत—"

दार उघडलं. दारात बायको, दुकानाचा फोन अजून कानालाच. तिच्या मागे ओठ चावत उभी असलेली मुलगी.

कुलुपवाल्याला असा आनंद झाला की त्यानं जागच्या जागी उडीच मारली. "हेच ठेव!" तो ओरडला. आता न्हाव्यानं ऐकलं तरी बेहत्तर. "ती किल्ली काढ, इतिहास काढ, बाबांनाही काढ! आणि हे बटण अजून थोडं मोठं कर. काय सांगू पोरी, वेळेवर वारा आला म्हणून, नाहीतर माझ्या डोक्यात प्रकाश पडला नसता!"

मुलगी एकदम फरशीकडे बघू लागली.

"वारा कसला आलाय?" बायको म्हणाली. "दार मी ओढलं. ही बिचारी तीन महिने नुसती सांगतच बसली होती."