भरलेलं पोट
"हात छातीच्या वर न्यायचा नाही, दूध आपोआप उतरू द्यायचं," असं बजावून सिस्टर पलीकडच्या काचपेटीकडे वळली. आजीच्या हातात दट्ट्या काढलेली सिरिंज होती. तिची बारीक नळी नातीच्या नाकातून थेट पोटात गेलेली. दिवस भरण्याआधीच जन्मलेली ही नात तळहातावर मावेल एवढीच होती. सिरिंजमधलं दूध हलतंय की नाही तेही कळेना. "एवढ्यानं मुंगीचं तरी पोट भरेल का?" आजी पुटपुटली. "आई, सिस्टर ओरडतील," खुर्चीतून सून म्हणाली. "मला नको शिकवूस. चार पोरं वाढवलीत मी." आजीनं सुनेनं काढलेलं वाटीतलं उरलेलं दूधही सिरिंजमध्ये ओतलं आणि हात डोक्याच्या वर नेला. दूध सरसर खाली गेलं. सुनेलाही बरंच वाटलं. वजन वाढल्याशिवाय बाळ घरी मिळणार नव्हतं. पुढच्या दुधाच्या वेळी आजीनंच कौतुकानं दुपटं बाजूला केलं. "बघा सिस्टर, पोट कसं टम्म झालंय!" सिस्टरनं त्या ताणलेल्या, चकचकीत पोटावर बोट टेकवलं. मग आधीचं दूध पचलंय का ते पाहायला नळीला रिकामी सिरिंज लावून दट्ट्या हळूच मागे ओढला. दूध आलं नाही. पित्ताचं हिरवं पाणी वर चढलं. "हे ताजं काढलंय, अजून कोमट आहे," सुनेनं वाटी पुढे केली. सिस्टरनं तिकडे पाहिलंच नाही. "ही शेवटची रडली कधी?" "छे! मघाचं दूध दिल्यापासून हूं नाही की चूं नाही," आजी हसली. "पोट भरलेलं पोर कशाला रडेल?"