दुनळीचा पहिला बार

लढाईमुळं नवी बंदूक मिळेना, म्हणून इनामदारांनी जुनी अमेरिकन दुनळी प्रभुदासकडून दुरुस्त करून घेतली. दुरुस्तीनंतरचा पहिला बार तो नेहमी बंदूक बाभळीला बांधून, लांबून दोरी ओढूनच काढायचा.

“तुझ्या कामावर तुझाच भरवसा न्हाई व्हय रं?” इनामदार हसले.

प्रभुदासनं हातानंच बार काढायला बंदूक उचलली. मग थांबला. नळी धरायच्या डाव्या हातातली लग्नाची अंगठी काढून त्यानं बायकोच्या मुठीत ठेवली. “हन्ना, सांभाळ जरा.”

हन्नानं अंगठी परत त्याच्या बोटात सरकवली. “बाभळीला बांधा. न्हाईतर ही घालूनच बार काढा.”

त्यानं बंदूक बांधली, दोरी ओढली. डावी नळी फाटून केळफुलासारखी उमलली.

इनामदार बंदुकीकडं बघत राहिले, हन्ना नवऱ्याच्या बोटांकडं.