पहिल्या दिवसाचा पेपर

"सात अधिक पाच?"

"बारा," मुलगी म्हणाली.

"बारा सोडून काहीही सांग."

मुलगी विचारात पडली. बारा सोडून काय सांगायचं, हा प्रश्न तिला आजवर कुणी घातला नव्हता.

उन्हाळी वर्गाचा पहिलाच दिवस होता आणि मुख्य ताई पोरांना चुकायला शिकवत होत्या. त्यात वाकडं काही नव्हतं. वरच्या कार्यालयाला मुलं हुशार नको होती, सुधारलेली हवी होती. पहिल्या दिवशी एक पेपर, शेवटच्या दिवशी तसाच दुसरा, आणि दोन्हींमधला फरक म्हणजे वर्गाचं यश. आता आधीच सगळं येणारं पोर सुधारणार कुठून? ताई सात वर्षं दर उन्हाळ्यात हंगामी म्हणून लागत होत्या आणि शाळा उघडली की सुटत होत्या. या वर्षी कार्यालयातल्या साहेबांनी शब्द दिला होता. आलेख नीट वर गेला, तर कायम करू.

अठ्ठावीसपैकी सत्तावीस पोरांना चुकायला शिकवावंच लागलं नाही. ती कला त्यांच्या अंगातच होती. गाडी अडली ती या एकीपाशी. आठ वर्षांची. सगळे तिला फूटपट्टी म्हणत, कारण ती स्वतःचं नावसुद्धा पट्टी लावून अधोरेखित करायची.

"पण ताई, बाराच येतात."

"येऊ देत की. लिहायचे नाहीत. खेळ आहे आपला. या पेपरात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं चूक लिहायचं. जो जास्त चुकेल तो जिंकला."

"सगळं?"

"एक जरी बरोबर आलं तरी बाद."

फूटपट्टी मान खाली घालून तासभर लिहीत बसली. बाकीच्यांची नजरचुकीनं दोन-चार उत्तरं बरोबर आली. हिला पन्नासपैकी शून्य. पेपर तपासणारा तरुण मास्तर म्हणाला, "ताई, इतकं मन लावून चुकलेलं माणूस मी पाहिलं नाही." ताईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. फूटपट्टी लाजली.

पुढचे सहा आठवडे ताईंनी खरोखर जीव ओतून शिकवलं. हे सांगायला हवं, कारण शिकवणं त्यांना येत होतं. शेवटच्या पेपरात फूटपट्टीला पन्नासपैकी पन्नास पडले. भिंतीवरच्या आलेखात तिची रेघ कागदाबाहेर गेली, तेव्हा मास्तरनं वर आणखी एक कागद चिकटवला.

साहेब येणार म्हणून त्या सकाळीच वर्गाला रंग दिला होता. साहेब आले, भिंतीला बोट लावलं, बोट पिवळं झालं, ते त्यांनी हळूच खुर्चीला पुसलं. मग आलेखासमोर उभे राहिले. "वा. ही शून्यावरून पन्नासवर गेलेली कोण?"

फूटपट्टी पुढे आली आणि खोकली. मग पुन्हा खोकली. मग खोकला थांबला आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. ती जमिनीवर बसली.

"बुजली वाटतं," साहेब म्हणाले.

"साहेब, तिला श्वास घेता येत नाहीये," मास्तर म्हणाला. त्यानं तिला उचलून बाहेर ओसरीत नेलं आणि दवाखान्याला फोन लावला. गाडी निघाली होती. पण तिकडून डॉक्टरीणबाई विचारत होत्या, पोरीला आधीपासून काही त्रास आहे का, औषध कोणतं चालू आहे, आईला विचारा, लवकर विचारा.

आई कामावर असायची. सहा आठवड्यांत तिला कुणी पाहिलं नव्हतं. ताईंनी पहिल्या दिवसाच्या पेपरांचा गठ्ठा उपसला. वेगळे फॉर्म कोण भरून घेणार, म्हणून मुलांची माहिती पेपरच्या पहिल्याच पानावर लिहून घ्यायची, ही ताईंचीच युक्ती. त्या पानाला गुण नव्हते, म्हणून ते कुणी वाचलंही नव्हतं.

अक्षर सुरेख होतं. खाली पट्टीनं रेघा. वय : चौसष्ट. आवडता प्राणी : टेबल. मला होणारा त्रास : काहीच नाही. आईचा फोन : पुढे दहा आकडे.

साहेबांनी खांद्यावरून डोकावून पाहिलं. "चौसष्ट? हा काय प्रकार आहे, बाई?"

"लहान आहेत, साहेब. गंमत करतात."

ताईंनी नंबर फिरवला.

"टायरवाले," पलीकडचा माणूस म्हणाला.

"मुलीची आई आहे का तिथे?"

"बाई, इथे टायर आहेत."

ताई ओसरीत फूटपट्टीजवळ गुडघ्यांवर बसल्या. पोरीचे ओठ निळसर पडले होते. साहेब हातात फाइल घेऊन मागे येऊन उभे राहिले. मास्तर फोन कानाला लावून, "एक मिनिट, विचारतोय, विचारतोय," म्हणत होता.

"बाळा, तुला दम लागतो का गं नेहमी? औषध कोणतं घेतेस? आईचा नंबर काय?"

फूटपट्टीनं आधी साहेबांकडे पाहिलं, मग ताईंकडे. एका श्वासात जमलं नाही. दुसरा घ्यावा लागला.

"ताई," तिनं विचारलं, "चूक सांगू की बरोबर?"

उत्तर देण्याआधी ताईंनी साहेबांकडे पाहिलं.