दोनच्या खेळाचं आकाश

दोनच्या खेळाला ध्रुवतारा जागचा हलला. हलवला तो जावयाने.

तारांगणाच्या घुमटाखाली काळोख होता. सासरे टेबलामागे उभे राहून बाणाच्या टॉर्चने तारे दाखवत होते आणि जावई मागे आकाश फिरवणाऱ्या यंत्रावर बसला होता. सासऱ्यांना वर्षभरापासून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पण एकतीस वर्षं तेच टेबल, तेच तारे. कोपर कुठे टेकवायचं, मनगट किती वळवायचं, सगळं हाताला पाठ. त्यामुळे गोष्ट घरातल्या तिघांतच राहिली होती.

आज सकाळी गालिचा धुणाऱ्यांनी ते टेबल दोन हात सरकवून तिरकं ठेवलं. आणि नेमके आजच मुख्य कचेरीचे साहेब तपासणीसाठी पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना कळलं तर उद्यापासून सासरे घरी. घरी ते भिंतीकडे तोंड करून बसले असते आणि त्यांना भिंतही दिसली नसती. बाबांना सांभाळता आलं नाही तर डबा घेऊन तिकडेच राहा, असं बायकोने निघताना बजावलं होतं.

"हा ध्रुव," सासरे म्हणाले. बाण ध्रुवाच्या बराच खाली, निव्वळ काळोखावर पडला.

जावयाने गुपचूप चाक फिरवलं. ध्रुव खाली आणायला त्याने अख्खं शहर विषुववृत्ताकडे नेलं. व्याधासाठी चार तास पुढे ढकलले. शनी काही केल्या बाणाखाली येईना. त्याच्यावर अडीच वर्षं घालवली.

शाळेच्या रांगेतून एक मुलगी म्हणाली, "ध्रुव हलला."

"ध्रुव कोणासाठी हलत नाही, बाळ," सासरे मायेने म्हणाले आणि तिची खात्री पटावी म्हणून त्यांनी बाण पुन्हा रोखला, या वेळी जरा वर. जावयाने शहर थोडं माघारी आणलं. बाईंनी मुलीला गप्प बसून वहीत लिहून घ्यायला सांगितलं.

दिवे लागले. इतकं जिवंत आकाश आपण कुठेच पाहिलं नाही, असं साहेब खुर्चीतूनच मोठ्याने म्हणाले. जावयाने घाम पुसला. मुलं कालवा करत बाहेर पडू लागली. त्या गडबडीत साहेब उठले, गालिच्यावरून टेबलापर्यंत आले आणि त्यांनी हात पुढे केला.

सासरे घुमटाकडे तोंड करून हसत होते.

जावई खोकला. पुन्हा खोकला. साहेबांनी आपल्या हवेतल्या हाताकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या डोळ्यांकडे. मग तो हात मागे घेऊन त्याच हाताने खिशातलं पेन काढलं.

"साहेब, काही शंका असेल तर विचारा," सासरे पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले. "संकोच करू नका."